टेन्शन घेतल्याने कर्करोग होतो का?

कर्करोगाचं निदान झालं की घरात 'असं झालंच कसं?' हा प्रश्न येतोच. शेजारपाजारच्यांकडे उत्तर बहुधा तयार असतं, 'फार टेन्शन घ्यायच्या हो त्या!' आजारपणाच्या जोडीला अपराधीपणाही रुग्णाच्या पदरात पडतो. या आरोपात तथ्य किती?

आधी दाह म्हणजे काय ते पाहू. बोट कापलं की ते लाल होतं, सुजतं, ठणकतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतू मारतात, डागडुजी करतात आणि काम आटोपलं की पांगतात. हा दाह उपकारकच असतो. घोटाळा होतो तो दाह वर्षानुवर्षं शमत नाही तेव्हा. पेशी सतत मरतात, त्यांच्या जागी नव्या घडत राहतात आणि दाहात तयार होणारी रसायनं डीएनएला इजा करतात. घाईच्या दुरुस्तीत चुका साचत जातात.

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच गाठींमधल्या पांढऱ्या पेशी पाहून दाह आणि कर्करोगाचं नातं सुचवलं होतं. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतील हॅरॉल्ड ड्वोराक यांनी गाठ म्हणजे न भरणारी जखम, अशी कल्पना मांडली. हिपॅटायटिस बी आणि सी यांमुळे यकृताचा, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे जठराचा कर्करोग होऊ शकतो, तो बऱ्याच अंशी याच वाटेने. आपल्याकडचं उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर असतं. गालात दाबून ठेवलेली तंबाखू-चुन्याची गोळी आणि सुपारी. सुपारीने तोंडाची आतली त्वचा इतकी आखडते की काहींना घास घेण्यापुरतंही तोंड उघडता येत नाही. तंबाखूत तर कर्करोगकारक रसायनंच असतात, दाह ही त्यात भर.

आता ताण. ताणात ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं वाढतात. कॉर्टिसॉल एरवी दाहाला लगाम घालतं, पण ताण लांबला की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. २००६ मध्ये टेक्सासमधील संशोधकांना ताणाखालच्या उंदरांमध्ये बीजांडकोशाच्या गाठी झपाट्याने वाढताना दिसल्या. रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर ही वाढ रोखली गेली. मात्र या उंदरांच्या शरीरात कर्करोगाच्या पेशी आधीच सोडलेल्या होत्या. आग लावणं वेगळं आणि लागलेल्या आगीला वारा घालणं वेगळं.

माणसांचं काय? युरोपातील सुमारे १ लाख १६ हजार लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाचा ताण आणि आतडं, फुप्फुस, स्तन किंवा प्रोस्टेटचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. कामाचा ताण म्हणजे सगळा ताण नव्हे, हे खरं. तरीही 'टेन्शन घेतलं म्हणून झाला' असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा आज नाही.

ताण आडवाटेने मात्र नक्की येतो. दोन पाळ्यांचं काम उरकताना तंबाखूची पुडी सुटत नाही, दारू वाढते, व्यायाम राहून जातो, 'सवड झाली की जाऊ' म्हणत तपासणी लांबते. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवावं. सुरुवातीला या जखमा बऱ्याचदा दुखतच नाहीत.