सुई टोचता आली म्हणजे नर्सिंग आलं?

बारावीचा निकाल लागला की पांढुर्णा आणि सौंसरकडच्या घराघरांत हिशेब सुरू होतो. मुलीला नर्सिंगला घालायचं तर नागपूरला की छिंदवाड्याला? फी किती, होस्टेल कसं, नोकरी कधी लागेल? ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. राज्य मध्य प्रदेश असलं तरी घरातली बोली मराठीच आहे आणि दुखणं मोठं असलं की गाडी नागपूरकडेच निघते. या हिशेबात एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही : ही मुलगी तिथे शिकणार काय, आणि कशी? त्याबद्दल जे ऐकीव समज आहेत, त्यांतल्या बऱ्याच समजांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नीट संशोधन झालेलं आहे. त्यातलं काही तर आपल्या शेजारी, नागपूर आणि गडचिरोलीत झालं आहे.

गैरसमज : सुई-सलाईन तर कंपाउंडरही लावतो, त्यासाठी चार वर्षं कशाला?

गोटमारीचंच उदाहरण घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, दरवर्षी शेकडो जण जखमी होतात आणि आरोग्य विभाग तिथे तात्पुरती शिबिरं लावतो. समजा, अशा शिबिरात एकाच वेळी दोघांना आणलं. पहिल्याच्या कपाळातून रक्ताची धार लागली आहे, शर्ट भिजला आहे, तो मोठमोठ्याने ओरडतो आहे. दुसऱ्याला कानामागे नुसतं टेंगूळ आलं आहे. तो गप्प बसला आहे, दोनदा ओकला आहे आणि नाव विचारलं तर जरा थांबून सांगतो आहे.

गर्दी पहिल्याकडे धावते. शिकलेली सिस्टर त्याच्या जखमेवर दाबून पट्टी धरायला एकाला बसवते आणि स्वतः दुसऱ्याकडे जाते. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे लहान जखमही भळभळा वाहते, हे तिला ठाऊक असतं. कवटीच्या आत होणारा रक्तस्राव मात्र बाहेरून दिसत नाही. म्हणून ती तीन गोष्टी बघते : डोळे कशाने उघडतो, बोलणं सुसंगत आहे का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का. तिन्हींचे गुण मिळून ३ ते १५ असा आकडा येतो. ही ग्लासगो कोमा स्केल १९७४ पासून जगभर वापरात आहे. मग ती दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का ते टॉर्चने पाहते, वेळ लिहिते आणि थोड्या वेळाने हे सगळं पुन्हा करते. मघाशी १५ होते, आता १३ झाले, म्हणजे नागपूरची गाडी आत्ताच निघाली पाहिजे. हे ओळखायला सुईचा काही उपयोग नाही.

पाळत ठेवणं, बदल टिपणं, वेळेत हाक मारणं, हे नर्सिंगचं खरं काम आहे आणि त्याचा परिणाम मोजलेला आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांवर रुग्ण यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलं, तर ३० दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळली. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतली ३०० रुग्णालयं तपासली, तेव्हा ही घट ७ टक्के निघाली. त्याच अभ्यासात दुसराही आकडा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे शिकवायचं चांगलं आणि मग एकटीवर अख्खा वॉर्ड टाकायचा, तर शिकवलेलं वाया जातं. हे अभ्यास दोन गोष्टींचा संबंध दाखवतात, कारण शंभर टक्के सिद्ध करत नाहीत, हेही सांगायला हवं. पण देश बदलले, वर्षं बदलली, तरी उत्तराची दिशा तीच राहिली.

गैरसमज : एकदा ट्रेनिंग झालं की झालं

मला सगळ्यात घातक वाटणारा समज हाच, कारण तो सरकारी कार्यालयांतही पक्का बसला आहे. ट्रेनिंग झालं, हजेरी लागली, फोटो निघाला, विषय संपला.

बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर पहिल्या मिनिटाला फार मोल असतं. बाळ कोरडं करायचं, पाठ चोळायची, तरीही श्वास नसेल तर त्या एका मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने हवा द्यायला लागायचं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात मान किंचित मागे हवी. जास्त झुकली तर श्वासमार्ग बंद होतो. मास्कने नाक, तोंड आणि हनुवटी झाकली पाहिजे, डोळ्यांवर तो येता कामा नये. कडेने हवा निसटली तर पिशवी कितीही दाबा, छाती वर येत नाही. मिनिटाला साधारण ४० वेळा दाबायचं, नजर सतत छातीवर ठेवायची. हे बोटांत मुरावं लागतं.

२०१० मध्ये 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' नावाचं प्रशिक्षण यासाठीच जगभर सुरू झालं. बेळगाव, नागपूर आणि केनिया इथे त्याची तपासणी झाली. प्रशिक्षणानंतर लगेच घेतलेल्या परीक्षेत बहुतेक जण उत्तम उतरले. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा डोक्यातली माहिती बऱ्यापैकी शाबूत होती, हाताचं कसब मात्र त्याहून जास्त घसरलं होतं. उजळणी आणि रोजचा थोडा सराव यांनी ते सावरतं. तिन्ही ठिकाणी मिळून बालमृत्यूंत सगळीकडे सारखी घट झाली, असंही या अभ्यासाला म्हणता आलं नाही.

उत्तर प्रदेशातला 'बेटरबर्थ' हा प्रयोग याहून मोठा होता. १२० आरोग्य केंद्रं, प्रसूतीच्या वेळी करायच्या गोष्टींची यादी आणि नर्सेसच्या सोबत उभं राहून शिकवणारे मार्गदर्शक. २०१७ मध्ये निकाल आले. मार्गदर्शक येत होते तेव्हा जवळपास ७३ टक्के गोष्टी पाळल्या जात होत्या. इतर केंद्रांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. त्यांचं येणं थांबल्यावर आकडा ६२ वर आला. आई-बाळाच्या मृत्यूंत मात्र दोन्हीकडे फरक दिसला नाही. प्रशिक्षण वाया गेलं, असा याचा अर्थ मी घेत नाही. औषध कपाटात नसेल, रात्री ड्यूटीवर एकच बाई असेल, रेफर करायला गाडी नसेल, तर नुसत्या शिकवण्याने सगळं सुटत नाही, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

गैरसमज : गावची एएनएम, आशाताई, यांच्या हातून काय होणार?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोडं शिक्षण झालेल्या स्थानिक बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचे श्वास मोजणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. तुलनेला ४७ गावं होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला : नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. लोक हा आकडा सांगतात, पण त्यामागची रीत सांगायची राहून जाते. या बायांना एकदा शिकवून सोडून दिलं नव्हतं. डॉक्टर ठरावीक दिवसांनी गावात जाऊन नोंदी तपासत, चुकलेलं तिथेच दुरुस्त करून घेत. पुढे देशभर आशांनी घरी जाऊन बाळं तपासण्याचा कार्यक्रम याच पायावर उभा राहिला.

बेळगावच्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात २५ एएनएमनी १,६२० बाळंतपणं केली. अर्ध्या बायांना बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. तिथेच एक साधी वस्तूही कामाला आली. बाळंतिणीखाली अंथरायचा प्लास्टिकचा कापडासारखा तुकडा, त्याला खाली मापाच्या खुणा असलेली पिशवी. नुसत्या नजरेने अंदाज केला तर रक्तस्राव प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी वाटतो, हे या पिशवीने दाखवून दिलं. अनुभवी नजरही फसते, म्हणून मोजायला शिकवायचं.

गैरसमज : पुतळ्यावर शिकणं म्हणजे खेळ

अमेरिकेतल्या १० नर्सिंग संस्थांत याची परीक्षा झाली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आले. वॉर्डातल्या तासांपैकी निम्मे तास पुतळ्यांवरच्या सरावाने भरून काढले, तरी विद्यार्थ्यांचं ज्ञान आणि कौशल्य कमी पडलं नाही. अट एवढीच होती की शिकवणारा त्यात तयार असावा आणि सरावानंतर काय चुकलं यावर नीट बोलणं व्हावं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पुतळा काचेच्या कपाटात असतो आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतो. तो मात्र खरोखरच निरुपयोगी.

गैरसमज : कॉलेज कुठलंही चालेल, सर्टिफिकेट हातात आलं पाहिजे

मध्य प्रदेशातल्या पालकांनी तरी हे आता म्हणू नये. कागदावरच चालणाऱ्या नर्सिंग कॉलेजांविरुद्धची याचिका जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने सीबीआयला चौकशी सांगितली. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या अहवालात ३०८ कॉलेजांपैकी १६९ योग्य, ७४ त्रुटी असलेली आणि ६५ अयोग्य ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात तपास करणारे सीबीआयचे काही अधिकारीच लाच घेताना पकडले गेले आणि योग्य ठरलेली कॉलेजंही पुन्हा तपासावी लागली. या सगळ्यात हजारो मुलामुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. शेत गहाण टाकून फी भरलेल्या घरांना त्याची झळ किती बसली असेल, ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

न्यायालयात प्रश्न इमारतीचा आणि शिक्षकांचा होता. शिक्षणाच्या दृष्टीने मूळ प्रश्न रुग्णांचा आहे. कॉलेजला १०० खाटांचं रुग्णालय जोडलेलं असावं, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असे भारतीय नर्सिंग परिषदेचे निकष आहेत. खाटा आहेत पण त्यांवर रुग्ण नाहीत, अशा ठिकाणी नाडी कुणाची मोजणार आणि बाळंतपण कुणाचं बघणार?

आणखी काही समज थोडक्यात उरकतो. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बी.एस्सी. चार, तिन्ही एक नव्हेत. बी.एस्सी.ला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं. जीएनएमला कला शाखेची मुलंही जाऊ शकतात. मुलांना नर्सिंग बंद आहे, हे खोटं; जीएनएम आणि बी.एस्सी. दोघांनाही खुलं आहे, एएनएम तेवढं फक्त मुलींसाठी. मध्य प्रदेशात शिकलं तर नागपुरात नोकरी चालत नाही, हेही खरं नाही. मान्य अभ्यासक्रम देशभर ग्राह्य असतो, मात्र महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून घ्यावी लागते. आणि जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेली मुलगी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम करून उपकेंद्रावर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर होऊ शकते. तिथे पहिली तपासणी तिचीच असते, डॉक्टर नंतर.

गैरसमज : इंग्रजी फाडफाड येत नसेल तर हे क्षेत्र आपलं नाही

आपल्या मुली घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीत शिकतात आणि नर्सिंगला गेल्या की पुस्तक इंग्रजीत उघडतं. पहिलं वर्ष जड जातं, हे खरं आहे. औषधाचं नाव आणि मात्रा चुकून चालत नाही, म्हणून तेवढी इंग्रजी शिकावीच लागते. पण वॉर्डात समोर आलेली म्हातारी मराठीत सांगते, 'पोटात कसंतरीच होऊन राहिलं'. शेजारच्या खाटेवरची बाई गोंडीत बोलते. त्यांचं दुखणं नेमकं कुठे आणि कधीपासून, हे काढून घेणारी मुलगी वर्गात इंग्रजीत अडखळली म्हणून कमी ठरत नाही. मध्य प्रदेशने २०२२ मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत आणली. नर्सिंगच्या वर्गात निदान पहिल्या वर्षी शिक्षकांनी मुलींच्या भाषेत समजावून सांगावं, ही मागणी पालकांनी हक्काने करावी.

या वर्षी घरात कुणी नर्सिंगला जाणार असेल, तर फी भरण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी त्या कॉलेजच्या रुग्णालयात जा. किती खाटांवर रुग्ण आहेत ते मोजा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला गाठून विचारा, 'ताई, तू स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं केलीस? शेवटचा सराव कधी झाला? तेव्हा बाजूला मॅडम उभ्या होत्या का?' तिचं लॉगबुक बघायला मागा. ते दाखवायला कॉलेज कां-कूं करत असेल, तर दुसरं कॉलेज बघा.