पाहुण्यांचे वचन आणि बाजाराची वही

आमच्या मुंब्रा-कौसात कार्यक्रमांना तोटा नाही. दुकानाचे उद्घाटन, शाळेचा वार्षिक जलसा, मुशायरा, रक्तदान शिबिर, रमजानमध्ये इफ्तार, एक आठवडा म्हणून मोकळा जात नाही. प्रत्येक कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे हवेतच. कधी नगरसेवक, कधी आमदार-खासदार, कधी मंत्री, कधी एखादे नामवंत शायर किंवा डॉक्टर. हार, शाल, गुलदस्ता, फोटो आणि शेवटी जेवण. पाहुणे भाषणात दोन-चार कामांचे वचन देतात, टाळ्या पडतात आणि गाडी निघून जाते. दुसऱ्या दिवशी आम्ही शटर उघडतो तेव्हा दुकानापुढचे गटार जसेच्या तसे तुंबलेले असते.

याचा दोष पाहुण्यांना देणे सोपे आहे. आज आम्ही आपल्या बाजूचा दोष सांगणार आहोत. व्यापारी माणूस पाच मीटर कापडाची उधारीसुद्धा वहीत लिहितो. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, म्हणजे सूरह बकरहची २८२ वी, ही याच विषयावर आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, अशी त्यात ताकीद आहे. मग लाखो रुपयांच्या कामाचे वचन आपण तोंडी का घेतो? ना अर्ज, ना तारीख, ना पोच. अशी उधारी कधी वसूल होते काय?

मुंब्रा कसे वाढले

१८५४ साली ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत रेल्वे गेली तेव्हा मुंब्रा हे डोंगर आणि खाडी यांच्यामधले लहान गाव होते. १९१६ साली पारसिकचा मोठा बोगदा झाला आणि जलद गाड्या डोंगराच्या पोटातून जाऊ लागल्या. कौसात जुन्या कोकणी मुसलमानांची वस्ती होती. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि हा भाग तिच्यात आला. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. ज्यांची घरे-दुकाने गेली किंवा ज्यांना जुन्या वस्तीत राहण्याची हिंमत उरली नाही, अशी असंख्य कुटुंबे येथे आली. कोणी शिलाई मशीन घेऊन आला, कोणी जरदोजीचा अड्डा, कोणी फक्त हातातले हुन्नर. इमारती उठल्या, मशिदी-मदरसे झाले, शाळा-कॉलेज आले, बाजार भरला.

माणसे भराभर आली, सोयी मात्र त्या चालीने आल्या नाहीत. गटार, पाणी, रस्ता, पार्किंग या सर्वांची ओढाताण आजही बाजारात रोज दिसते. म्हणून कोणते काम कोणाचे, हे व्यापाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

कोणते काम कोणाचे

आम्ही पुष्कळदा पाहिले आहे की लोक वीजबिलाची तक्रार नगरसेवकाकडे नेतात, गटाराची खासदाराकडे आणि रेल्वेच्या पुलाची आमदाराकडे. जणू कापड हवे असताना किराणा दुकानात उभे राहावे.

गटार, कचरा, आतले रस्ते, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, बाजार, दवाखाना आणि बांधकाम परवानगी ही महानगरपालिकेची कामे. पालिकेचे मुख्यालय ठाण्यात असले तरी रोजच्या कामासाठी मुंब्रा प्रभाग समितीचे कार्यालय आहे. तेथे सहायक आयुक्त बसतात. पहिला दरवाजा तोच.

वीज हा पालिकेचा विषय नाही. १ मार्च २०२० पासून शीळ, मुंब्रा, कळवा भागात महावितरणतर्फे टोरंट पॉवर कंपनी वितरण पाहते. दर ठरवतो तो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. रेल्वे केंद्र सरकारची. पोलीस राज्य सरकारचे. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंद, हा कामगार खात्याच्या कायद्याचा विषय आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. आपला विधानसभा मतदारसंघ मुंब्रा-कळवा. तो २००९ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आला. लोकसभेसाठी मात्र आपण ठाण्यात नसून कल्याण मतदारसंघात मोडतो. म्हणजे पालिका ठाण्याची आणि खासदार कल्याणचे. पाहुणे बोलावताना आणि मागणी मांडताना हा फरक ध्यानात असू द्यावा.

खासदाराला स्थानिक विकास निधी असतो. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. आज तो निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. पण हे पैसे खासदाराच्या खिशात नसतात. ते कामाची शिफारस करतात आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देते. या निधीतून कोणत्याही धर्माच्या प्रार्थनास्थळाचे काम करता येत नाही. तरीही आमचे लोक भर सभेत मशिदीच्या भिंतीची मागणी करतात, पाहुणे हसून मान हलवतात आणि दोघांचाही वेळ जातो. त्याच सभेत वाचनालयाची खोली मागितली असती तर निदान विचार तरी झाला असता.

पैसा कधी ठरतो

पूर्वी पालिकेची मोठी कमाई जकातीची होती आणि व्यापारी नाक्यावर उभा राहून ती भरत असे. २०१३ साली ठाण्यात जकात जाऊन एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आज व्यापारी पालिकेला थेट देतो तो मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. नाका गेला, पण आपला पैसा गेलेला नाही. म्हणून विचारण्याचा हक्कही गेलेला नाही.

पालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, ते १६ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जाते आणि मग सर्वसाधारण सभेत मंजूर होते. नवीन गटार हवे असेल तर त्याची मागणी या अंदाजपत्रकाच्या आधी, डिसेंबरपर्यंत, पोचली पाहिजे. नालेसफाई पावसाळ्याआधी उरकायची असते आणि तिच्या निविदा त्याच्याही आधी निघतात. आपण मात्र जूनमध्ये पाणी दुकानात शिरले की ओरडतो. ईदचा माल आपण चाँदरातीला खरेदी करतो काय? तो रमजानच्या कितीतरी आधी भरतो. पालिकेचाही असाच मोसम असतो.

मार्च २०२२ मध्ये ठाणे पालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत नगरसेवक नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात ज्यांना फक्त ‘आपला माणूस’ ठाऊक होता त्यांची फार अडचण झाली. ज्यांना कार्यालय, खिडकी आणि अर्ज ठाऊक होता त्यांचे काम थोडेफार चालू राहिले. आता नगरसेवक पुन्हा आले आहेत. बहुतेक प्रभागांत चार-चार आहेत. मागणीची प्रत चौघांनाही द्यावी. आपल्या पसंतीचा, आपल्या पक्षाचा, असा भेद गटाराच्या कामात करू नये.

आमच्या ओळीचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळीतील दुकानांत रात्रीतून पाणी शिरले. खालच्या फळीवरचे तागे भिजले, रंग एकमेकांत उतरला आणि पहिल्या दर्जाचा माल कटपीसच्या भावात काढावा लागला. शेजारच्या शिलाईवाल्या भाईंच्या मशीनच्या मोटारी जळाल्या. आमचे नुकसान नफ्यातले होते, त्यांचे मात्र रोटीतले होते.

त्याच मोसमात एक मोठे पाहुणे कार्यक्रमाला आले. आम्ही सर्वांनी स्टेजवरच त्यांना गटाराचे सांगितले. त्यांनी ‘झालेच समजा’ म्हटले. आम्ही समजलो. पुढच्या पावसात पुन्हा पाणी आले. आम्ही रागाने विचारायला गेलो तेव्हा त्यांच्या माणसाने एकच प्रश्न केला, ‘आपका काग़ज़ किधर है?’ आमच्याकडे फोटो होता, हाराचा. कागद नव्हता.

मग ओळीतील एका बुजुर्ग हाजीसाहेबांनी सर्वांना दुकानात बसवले. ते म्हणाले, ‘बेटा, चाय पे सौदा होता है, वसूली बही से होती है.’ त्या दिवशी एका पानाचा अर्ज लिहिला. गटार कोठून कोठपर्यंत, किती दुकाने, किती कारागीर, पाणी कोणत्या तारखांना शिरले, सोबत फोटो. सर्व दुकानदारांच्या सह्या आणि शिक्के. अर्ज कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. दर महिन्याला दोघे जण तो क्रमांक घेऊन चौकशीला जात. तिसऱ्या खेपेला माणूस येऊन गटार मोजून गेला, पावसाळ्याआधी गाळ निघाला आणि तुटलेली झाकणे बदलली. नवे गटार अजून व्हायचे आहे, पण त्याचा कागद चालू आहे. त्या वर्षी खालची फळी कोरडी राहिली.

फीत आणि परवानगी

पाहुण्यांच्या हातून इमारतीची फीत कापली म्हणजे ती इमारत अधिकृत झाली, असा समज आपल्याकडे आहे. तो जिवावर बेतणारा आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथील लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसे गेली. बांधकाम चालू असतानाच खाली लोक राहत होते.

गाळा घेणाऱ्या भावांनी हे नीट समजून घ्यावे. मालमत्ता कराची पावती हा इमारत कायदेशीर असल्याचा पुरावा नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो. वीजमीटरही पुरावा नाही. पालिकेची बांधकाम परवानगी आणि काम पुरे झाल्यावरचे भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला बाजारात ओसी म्हणतात, ही दोन कागदे पाहावीत. नवा प्रकल्प असेल तर महारेराची नोंद पाहावी. हे प्राधिकरण मे २०१७ पासून काम करते. बयाणा देण्यापूर्वी हे पाहिले नाही तर आयुष्याची कमाई पाण्यात जाऊ शकते, आणि कधी जीवही.

हातगाडीवाल्यांसाठी

बाजार फक्त शटरवाल्यांचा नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांतून निवडलेले असावे लागतात. सर्वेक्षण होते तेव्हा हजर राहून नाव नोंदवणे आणि विक्री प्रमाणपत्र घेणे हाच त्यांचा बचाव. दुकानदारांनी त्यांच्याशी रोज भांडण्यापेक्षा त्यांना या नोंदणीस मदत करावी. रस्ता मोकळा राहील आणि त्यांची रोजीही.

कागद कसा द्यावा

एका अर्जात एकच काम लिहावे. जागा नेमकी सांगावी. भाषा साधी मराठी असावी. आमच्यासारखे उर्दू शाळेत शिकलेले येथे कचरतात. त्यांनी मुलांकडून लिहून घ्यावे, आजची मुले उत्तम मराठी लिहितात. दोन प्रती करून पोच घ्यावी.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखले, कराच्या नोंदी, नाव बदलणे अशा अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत असते. मुदत टळली तर खात्यात दोन अपिले आणि नंतर आयोगाकडे जाता येते. विनाकारण टाळणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ज्या कामाला अशी मुदत नाही, त्याच्या अर्जाचे काय झाले हे माहिती अधिकारात १० रुपये भरून विचारता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो.

पाहुणे जरूर बोलवावेत. मेहमाननवाजी ही आपली रीत आहे, ती सोडू नये. पण हारासोबत अर्जाची प्रत द्यावी आणि तिच्यावर आवक क्रमांक आधीच असावा. म्हणजे पाहुण्यालाही पाठपुरावा करणे सोपे जाते. पाहुणे डॉक्टर असतील तर भाषणाऐवजी शिलाईवाल्यांचे डोळे तपासायला एक तास मागावा. हिशेबनीस असतील तर कारागिरांची उद्यम नोंदणी करून घ्यावी. नामवंताच्या येण्याची बरकत फोटोत राहू नये, ती मोहल्ल्यात उरावी.

प्रत्येक बाजाराने आजच एक वेगळी वही घालावी. पाहुण्याचे नाव, दिलेले वचन, तारीख, अर्जाचा क्रमांक आणि पुढची फेरी, एवढेच रकाने पुरेत. जुम्माच्या नमाजनंतर दहा मिनिटे ती उघडून पाहावी. नेत्याकडची सत्ता ही अमानत आहे, तशीच बाजाराची जबाबदारी आपल्याकडची अमानत आहे. आपण आपला हिशेब चोख ठेवू तेव्हाच दुसऱ्याला हिशेब विचारण्याचे तोंड राहील. इन्शाअल्लाह, पुढच्या पावसाळ्यात खालची फळी सर्वांचीच कोरडी राहो.