अजिंक्यतारा, पंधरा थरांत

सकाळी ७. वर्कशॉपची दोन्ही दारं उघडते आणि पंख्याचं तोंड बाहेर करते. गरम तारेनं फोम कापताना निघणारा धूर छातीत जाऊ द्यायचा नाही. सध्या सांगलीच्या एका शाळेसाठी साताऱ्याचा अजिंक्यतारा करतेय. थर्मोकोलच्या मखरांवर राज्यात २०१८ साली बंदी आली, ते योग्यच झालं. दहा दिवसांच्या आराशीसाठी असा माल कापूच नये. पण मुलांच्या किती तरी तुकड्या हात लावून गड शिकतील, त्या कामाला मी फोम घेते. गच्चीत ऊन अडवायला घालतात तो घट्ट बोर्ड. दाणे सुटणारा थर्मोकोल नव्हे.

७.३०. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतरानं असतात. प्रमाण १:८०० धरलं की २० मीटरचे होतात २५ मिलिमीटर, बरोबर एका बोर्डाची जाडी. गड शहरापासून साधारण ३०० मीटर उठतो, म्हणून पंधरा थर. वरचे सात काल चिकटवून झाले, आज खालचे आठ.

८.३०. नायक्रोमची तार तापली.

"ताई, तार लाल झालीया!" मदतीचा पोरगा ओरडतो.

"लाल नको रे. व्होल्टेज उतरव, काळीच राहू दे."

तार फार तापली तर फट रुंद होते, थंड राहिली तर ओढ बसून रेष वाकते. बोर्ड रेटायचा नाही. तार वाट देईल तसा सरकवायचा.

११. चिकटवणं. रबर सोल्युशननं हा फोम विरघळतो, म्हणून साधा फेविकॉल, तोही पातळ. दोन बोर्डांच्या मधे हवा जात नाही, सुकायला रात्र लागते. बांबूच्या काड्या टोचायच्या, वर विटा ठेवायच्या.

दुपारी २. कालचा वरचा भाग कोरायला घेते. दिवसातलं खरं काम हेच. थरांच्या पायऱ्या घासून डोंगर गुळगुळीत करायचा मोह होतो, आणि तिथंच सह्याद्री हातचा जातो. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेत. उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. म्हणून कड्याच्या जागी बोर्डाची धार तशीच ठेवते, फक्त तारेच्या ब्रशनं उभी खरवडते. उतारावर १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग २२०. तटाचे चिरे बोथट पेन्सिलीनं दाबून काढायचे. मंगळाईच्या बुरुजापाशी हात आपोआप हळू होतो. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेनं इथं सुरुंग उडवले. तट बाहेर कोसळून त्यांचीच माणसं गाडली गेली. गड तेव्हा गेलाच, पण ताराबाईंच्या काळात परत आला. मुलांचं बोट नेमकं इथंच थांबावं, म्हणून तट थोडा उठावात घेते.

४.३०. फेविकॉल आणि पांढरं सिमेंट कालवून लेप. उघडा फोम नखानंही दबतो. मुलांच्या हातांपुढे टिकवतो तो हा लेप. पातळ दोन हात द्यायचे, जाड एक दिला की तडकतो. स्प्रेचा रंग थेट फोमवर मारला तर खड्डे पडतात, म्हणून लेप पुरता वाळल्यावर पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक. पावसाळ्यात लेप दोन-दोन दिवस ओला राहतो. अशा वेळी तारीख पुढं ढकलते, घाई करत नाही.

६. झाडू नाही, व्हॅक्यूम. झाडूनं भुसा उडतो, दारातून गटारात जातो. इथलं, साताऱ्याचं पाणी माहुलीच्या संगमाकडं, तिथून कृष्णेनं सांगलीकडं. हा फोम कुजत नाही, तुकडे होऊन तरंगत राहतो. ज्या मुलांना गड देतेय, त्यांच्याच घाटावर माझा भुसा जावा, हे मला सहन होणार नाही. म्हणून कपडे आतच झटकायचे, आणि व्हॅक्यूमची पिशवी दार लावल्यावरच उघडायची.

७. भुसा आणि कात्रणं पोत्यात भरून तोंड शिवलं. हीच पोती उद्या खालच्या थरांच्या आत सोडलेल्या पोकळीत भराव म्हणून जातील. गड टेम्पोत मावावा म्हणून तो दोन भागांत आहे. जोड घळीच्या रेषेतून काढलाय, सांगलीत दोन बोल्ट आवळले की झालं.