पुस्तकाला आवाज देणारा शिक्षक

रमजानच्या पहाटे सहरी करणाऱ्यांचे कान फजरच्या अजानकडे लागलेले असतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत ही अजान हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) देत. ते दृष्टिहीन होते. हजरत बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, म्हणून इब्न उम्मे मकतूम यांची अजान होईपर्यंत खाण्यापिण्याची मुभा असल्याचे हदीसमध्ये नोंदलेले आहे. पहाट झाली, असे लोक त्यांना सांगत आणि मग ते अजान देत. साऱ्या मदिनेचा रोजा ज्यांच्या आवाजाने सुरू होई, त्यांना स्वतःला उजाडलेले दिसत नसे. पण सांगणारे कुणीतरी सोबत होते, म्हणून काम अडले नाही.

हेच इब्न उम्मे मकतूम मक्केत एकदा काही शिकण्यासाठी आले होते. कुरैशच्या सरदारांशी महत्त्वाचे बोलणे चालू असल्याने त्या वेळी त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही. त्यावर कुरआनची ८० वी सूरह 'अबस' अवतरली. शिकण्याची तळमळ घेऊन आलेल्याला बाजूला ठेवू नये, हा तिचा बोध आहे.

शिकायला आलेले कोणतेही मूल बाजूला पडू नये, या विचाराला आजच्या शिक्षणशास्त्रात समावेशक शिक्षण म्हणतात. पंढरपूरला लागून असलेल्या माढा तालुक्यात एका प्राथमिक शिक्षकाने हा विचार प्रत्यक्ष कामात उतरवला. रणजितसिंह डिसले हे त्यांचे नाव.

डिसले गुरुजी मूळचे बार्शीचे. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून ते शिक्षक झाले आणि २००९ मध्ये परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला गोदाम. मुलींना शाळेत पाठवण्यापेक्षा त्यांचे लग्न लवकर उरकण्याकडे पालकांचा कल. त्यात आणखी एक अडचण होती. अनेक मुलांच्या घरात कन्नड बोलली जाई आणि हातातले पुस्तक मात्र त्या भाषेतले नव्हते. सोलापूर जिल्हा कर्नाटकाच्या सीमेवरचा. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात मराठी दिंड्यांच्या जोडीने कन्नड बोलणारे भाविकही चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतात. विठ्ठलाच्या दारात भाषेची अडचण येत नाही, पण पहिलीच्या वर्गात ती येते. मूल गप्प बसते आणि ते 'मंद' आहे, असा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

डिसले यांनी आधी स्वतः कन्नड शिकून घेतली. मग पहिली ते चौथीची पुस्तके मुलांच्या भाषेत आणून त्यांची नव्याने रचना केली. धड्याशेजारी क्यूआर कोड छापले. मोबाइल त्या कोडवर धरला की कविता ऐकू येई, गोष्ट सांगितली जाई, धड्याचे चित्रीकरण दिसे किंवा स्वाध्याय उघडे. वाचता न येणारे मूल ऐकू लागले. एकदा ऐकून न समजलेले मूल तेच पुन्हा ऐकू लागले. शेतावर आईबापांसोबत गेलेल्या मुलीलाही धडा सोबत नेता येऊ लागला. पुढे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी त्यांनी या पुस्तकांना मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणकीय साधनाची जोड दिली.

शिकण्याची अशी रचना करणाऱ्याला इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात. शब्द नवा वाटला तरी काम ओळखीचे आहे. मुलाला काय यायला हवे, आज त्याला काय येते, मध्ये नेमके कुठे अडते, हे आधी पाहायचे आणि त्याप्रमाणे धडा, साधन व चाचणी ठरवायची. समावेशक शिक्षणात याला आणखी एका प्रश्नाची जोड मिळते : हा धडा ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा ज्याची भाषाच वेगळी आहे, त्याच्यापर्यंत कसा पोहोचेल? उत्तर धडा आखतानाच शोधावे लागते. वर्ग पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या मुलाला गाठणे फार कठीण असते.

परितेवाडीच्या प्रयोगानंतर राज्यातील सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड देण्याची घोषणा २०१७ मध्ये झाली. पाठोपाठ एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तसा निर्णय झाला. बालभारती मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजराती, सिंधी, हिंदी व इंग्रजी माध्यमांची पुस्तके काढते. म्हणजे एका वाडीतल्या शाळेतली कल्पना उर्दू शाळेच्या दप्तरापर्यंतही पोहोचली.

३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचा ग्लोबल टीचर प्राइज हा पुरस्कार डिसले यांना जाहीर झाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. योगायोगाने हा दिवस जगभर अपंग व्यक्तींचा दिन म्हणून पाळला जातो. पुरस्काराची रक्कम १० लाख डॉलर होती. नाव जाहीर होताच डिसले यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५५ हजार डॉलर आले. त्या नऊ जणांत ब्राझीलच्या डोआनी बर्तान होत्या, ज्या कर्णबधिर मुलांना सांकेतिक भाषेत शिकवतात. मलेशियाचे सॅम्युएल आयझाया होते, जे आदिवासी मुलांसाठी झटतात. जकात आणि सदक्याच्या या महिन्यात ही गोष्ट आवर्जून आठवावी अशी आहे. त्या पैशातून दुसऱ्या देशांतल्या वर्गांना हातभार लागला.

२०२१ मध्ये जागतिक बँकेने शिक्षक प्रशिक्षणाच्या उपक्रमासाठी डिसले यांची सल्लागार म्हणून निवड केली. एका वर्गासाठी केलेली रचना इतर शिक्षकांच्या हाती देणे, हा या कामाचा पुढचा टप्पा. खरी कसोटीही तिथेच लागते. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. ब्रेल आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. पण प्रवेश मिळालेल्या मुलाचे पुढे काय होते, हे वर्गातल्या शिक्षकाच्या तयारीवर ठरते. सोलापूर जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था पंढरपूरहून अकलूजकडे जाताना लागणाऱ्या वेळापुरात आहे. अशा संस्थांतून मिळणारे प्रशिक्षण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावे, एवढीच अपेक्षा आहे.

त्यासाठी प्रत्येक वेळी यंत्रच लागते असे नाही. फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने वाचावे. कमी दिसणाऱ्या मुलाला पुढे बसवावे. कमी ऐकू येणाऱ्याशी त्याच्याकडे तोंड करून बोलावे. ज्याचा हात लिहिताना थकतो, त्याचे उत्तर तोंडी घ्यावे. घरी उर्दू, कन्नड किंवा पारधी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या बोलीतला एखादा शब्द वर्गात सांगू द्यावा. यातली एकही गोष्ट इतर मुलांचे नुकसान करत नाही. उलट त्यांनाही धडा अधिक नीट कळतो.

शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले आणि विठ्ठल मंदिराचे दार दलितांना खुले झाले. शाळेचे दार कायद्याने आज प्रत्येक मुलाला उघडे आहे. दारातून आत आलेल्या मुलाला धडा कळेपर्यंत सोबत करणे, हे शिक्षकाचे, पालकाचे आणि गावाचे काम आहे. यंदाच्या रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यातले, गल्लीतले एखादे मूल अपंगत्वामुळे किंवा भाषेमुळे शाळेबाहेर राहिले आहे का, याची चौकशी करावी. असेल, तर जूनमध्ये शाळा उघडताना त्याच्या आईवडिलांसोबत शाळेत जाऊन त्याचे नाव घालावे.