४० हजारांची बाबागाडी कुंभारीच्या रस्त्यावर चालेल का?

घरात बाळ आलं की मोबाईलला ते लगेच कळतं. मग एक रील हमखास समोर येते. गुळगुळीत फूटपाथ, आईच्या एका हातात कॉफीचा कप, दुसऱ्या हाताने ती बाबागाडी ढकलतेय आणि आत बाळ गाढ झोपलंय. घरी आल्यावर एक कळ दाबली की गाडी मिटून चपटी. खाली किंमत असते ३५-४० हजार. काही परदेशी नावांच्या गाड्या तर लाखाच्याही पुढे जातात.

साधी घडीची गाडी चार-पाच हजारांत मिळते. मग हे वरचे ३५ हजार नेमके कशाचे? आणि ते आपल्याकडे वसूल होतात का?

यासाठी ती रीलमधली गाडी आपण कुंभारीत आणून बघू. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं हे गाव. इथेच विडी कामगार महिलांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. असंघटित कामगारांसाठीचा ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्पही इथलाच. त्याचं भूमिपूजन ९ जानेवारी २०१९ ला झालं आणि पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला. म्हणजे छोटी घरं, जिने, दाराशी दुचाकी, बाजूने वाहता रस्ता आणि डोक्यावर सोलापूरचं ऊन. महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांचं रोजचं जगणं याच्याशीच जुळतं, रीलमधल्या फूटपाथशी नाही.

महाग म्हणजे हलकी असं नाही

आज आपण जी छत्रीसारखी मिटणारी गाडी बघतो, ती १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश इंजिनिअरने काढली. हा माणूस आधी विमानांच्या कामात होता, स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्याने काम केलं होतं. विमानाची चाकं मिटतात तशी बाबागाडी का मिटू नये, असा त्याचा विचार. त्याची पहिली गाडी तीन किलोच्याही आत होती.

१९९९ मध्ये नेदरलँड्सची बुगाबू आली आणि वारं उलटं फिरलं. मोठी चाकं, उलटसुलट बसवता येणारी सीट, जाड गादी, आणि बाबागाडी ही मिरवायची वस्तू झाली. आज 'प्रीमियम' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये हे दोन्ही प्रकार येतात. एक विमानात वर ठेवता येईल अशी सहा-सात किलोची, आणि दुसरी १२ किलोच्या आसपासची.

हा फरक जाहिरातीत दिसत नाही, जिन्यात कळतो. १२ किलोची गाडी आणि नऊ किलोचं बाळ म्हणजे २१ किलो. तांदळाचं पोतं उचलून दुसऱ्या मजल्यावर चढण्यासारखंच की. रोज कोण चढवणार? बाळंतपणातून उठलेली आई, की गुडघे धरणारी आजी? गाडी खाली जिन्याजवळ ठेवायची म्हटलं तर धूळ, पाऊस आणि चोरीची धास्ती. म्हणून लिफ्ट नसेल तर सात किलोच्या वरची गाडी बघूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात गेलात तर विक्रेत्याला घडी घालून दाखवायला सांगू नका. त्याचा हात बसलेला असतो. बाळ कडेवर घेऊन तुम्ही स्वतः घडी घाला.

चाकं, खडी आणि बाभळीचा काटा

महाग गाडीचे पैसे सगळ्यात जास्त खरे वाटतात ते चाकांत. छोटी, टणक प्लॅस्टिकची चाकं दुकानातल्या फरशीवर लोण्यासारखी चालतात. मुरमाच्या रस्त्यावर तीच खड्यात अडकतात आणि पुढचं चाक अचानक थांबलं की गाडी बाळासकट पुढे झुकते. मोठं चाक तो खडा ओलांडून जातं. त्यात स्प्रिंग असेल तर हादराही कमी बसतो.

पण मोठ्या चाकांतही हवेची चाकं आणि फोमची चाकं असे प्रकार आहेत. आपल्या भागात बाभळीचा काटा पाचवीला पुजलेला. हवेचं चाक पंक्चर होणार हे धरूनच चाला. पंक्चर काढायला सायकलवाला आहे म्हणा, पण त्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही. भरीव फोमचं चाक थोडं कडक चालतं, तरी इथे तेच शहाणपणाचं. पुढची चाकं सरळ रेषेत लॉक होतात का, हेही बघा. खडबडीत वाटेवर तो लॉक फार कामाला येतो.

पावसाळ्यात काळी माती चाकाला लागली की कोणतीही गाडी सारखीच. चाकं काढून धुता येतात का, एवढंच विचारा.

खरी परीक्षा उन्हाची

सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ अंश. अशा उन्हात आपण सहज काय करतो? बाळाला ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटं टाकतो. चादरीचं गाव आपलं, हाताशी कापड असतंच. नेमकी हीच चूक आहे.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून बघितलं. गाडीवर कोरडं कापड टाकलं की आत हवा कोंडते आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जवळपास चार अंशांपर्यंत वाढू शकतं. पातळ मलमल असलं तरी वाढतंच. कापड ओलं केलं आणि सोबत छोटा पंखा लावला, तर आतलं तापमान जवळपास पाच अंशांनी उतरलं. माठातलं पाणी गार होतं, तेच हे तत्त्व. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असल्याने इथे ते चांगलं लागू पडतं. अट एवढीच की कापड वाळू द्यायचं नाही, सारखं ओलं करत राहायचं, आणि ते बाळाच्या तोंडाजवळ येऊ द्यायचं नाही.

म्हणून गाडी निवडताना टप बघा. तो पुढे पुरेसा ओढता यायला हवा आणि त्याला मागे जाळीची खिडकी हवी. पाठीमागचं कापडही जाळीचं असेल तर उत्तम. जाड, मऊ गादी युरोपच्या थंडीसाठी असते, इथे बाळाची पाठ घामाने भिजते. काळा रंग फोटोत छान दिसतो, पण उन्हात तापतो. बाहेर उभ्या केलेल्या गाडीत बाळाला बसवण्याआधी पट्ट्याच्या बकलला हात लावून बघा, चटका बसू शकतो. अर्थात दुपारी ४३ अंशांत कोणतीच गाडी बाहेर काढायची नाही. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर.

धुराचंही तसंच. ब्रिटनच्या सरे विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, गाडीतलं बाळ मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषित हवा श्वासात घेऊ शकतं, कारण त्याचं नाक वाहनांच्या धुराड्याच्या उंचीवर असतं. कुंभारीत अक्कलकोट रस्त्याच्या कडेने फिरवण्यापेक्षा वसाहतीच्या आतल्या गल्ल्या बऱ्या.

किमतीने सुरक्षितता मिळतेच का?

नाही. ज्या मॅक्लारेनने घडीची गाडी जगाला दिली, त्याच नावाच्या कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला. बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ तक्रारी आल्या होत्या. नंतर त्या बिजागऱ्यांना आवरणं दिली गेली. तेव्हा गाडी उघडताना-मिटताना मूल हातभर लांब हवं, गाडी हजाराची असो की लाखाची.

बघायच्या गोष्टी तशा थोड्या आहेत. खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा. उतारावर न सरकणारा ब्रेक. पाटीवर 'ईएन १८८८' हे युरोपचं मानक. त्याचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा २२ किलोपर्यंतच्या. हँडलला भाजीची पिशवी लटकवली की गाडी मागे उलटू शकते, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

आणि वय. पहिले सहा महिने, म्हणजे मान आणि पाठ धरेपर्यंत, पूर्ण आडवी होणारी सीटच हवी. सहा-सात किलोच्या बऱ्याच हलक्या गाड्यांत ती पूर्ण आडवी होत नाही. तान्ह्या बाळासाठी म्हणून घेतलेली गाडी मग सहा महिने पलंगाखाली पडून राहते. घरातल्या झोपेसाठी तर गाडी वापरूच नये, त्यासाठी सपाट अंथरूण हवं.

पैसे आधी कुठे?

हिशोब सोपा आहे. बाळ आठवड्यातून किती वेळा गाडीत बसणार आणि किती वेळा दुचाकीवर? कुंभारीतून सोलापूरला डोस द्यायला जाताना ४० हजारांची बाबागाडी घरीच राहते आणि बाळ आईबाबांच्या मध्ये बसून जातं. केंद्राच्या नियमानुसार १५ फेब्रुवारी २०२३ पासून दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा सेफ्टी हार्नेस लागतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट लागतं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. घरात चारचाकी असेल तर बाळाची कार सीट आधी येते. ती नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं बाळ हातात राहत नाही.

एवढं झाल्यावर पैसे उरत असतील, घर तळमजल्यावर असेल आणि रोज संध्याकाळी कोणीतरी खरोखर फिरवणार असेल, तर चांगली गाडी जरूर घ्या. जुळी मुलं असतील, किंवा बाळ आजीआजोबा सांभाळत असतील आणि त्यांना कडेवर घेणं झेपत नसेल, तर पैसे नक्की वसूल होतात. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये वर्षभर वापरलेल्या महाग गाड्या बऱ्याच कमी किमतीत निघतात. तिकडे नातेवाईक असतील तर त्यांना बघायला सांगा. बकल खट्ट आवाज करून बसतं का, ब्रेक धरतो का, बिजागरीचं आवरण जागेवर आहे का, आणि त्या मॉडेलचा रिकॉल निघाला होता का, एवढं बघून घ्यायला सांगा.