गणित करणारा घोडा

तुमच्या दारी कधी नंदीबैल आला आहे काय? आमच्या लहानपणी तो आला, की त्याला पहिला प्रश्न विचारला जाई तो पावसाचा आणि दुसरा परीक्षेचा. मालक गुबूगुबू वाजवी आणि बैल मोठ्या गांभीर्याने मान डोलवी. मालक कासऱ्याला हळूच हिसका देतो, हे पुढे कळले आणि सारी मौज संपली. आज ज्या घोड्याची हकीकत सांगणार आहे, तिचे मात्र उलट आहे. तिचा उलगडा झाला, की खरी मौज सुरू होते. कारण आपण घोड्याला खूण करीत आहोत, हे त्याच्या मालकालाच ठाऊक नव्हते!

बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक राहत असत. जनावरांना बुद्धी असते, फक्त त्यांना कोणी शिकवीत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. म्हणून त्यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्याला अंगणातच शाळेत घातले! फळा, मणिचौकट, लाकडी खुंट्या असा सगळा सरंजाम होता. उत्तर बरोबर आले, की गाजर किंवा पावाचा तुकडा मिळे. ही शिकवणी सुमारे चार वर्षे चालली. हान्स उजव्या पायाचा खूर जमिनीवर आपटून उत्तर देई. दोन पंचमांश अधिक एक द्वितीयांश किती, असे विचारले, की तो आधी नऊ टापा देई, मग दहा. तुमच्यापैकी कितीजणांना हे तोंडी येईल?

१९०४ साली हान्सची कीर्ती देशोदेशी पसरली. अंगणात माणसांची रीघ लागली. पण ऑस्टेन कोणाकडून एक पैसाही घेत नसत. हा मनुष्य लबाड नव्हता, हे ध्यानात ठेवा. त्या सप्टेंबरमध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने एका मंडळाने हान्सची तपासणी केली. मंडळात पशुवैद्य होता, सर्कसचा मालकही होता. जनावरांच्या साऱ्या युक्त्या जाणणाऱ्या या मंडळींना कसलीच लबाडी आढळली नाही. ऑस्टेन जवळ नसतानाही, दुसऱ्याच माणसाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे घोडा बरोबर देत होता. मग खूण करणार तरी कोण?

श्टुम्फ यांनी पुढचे काम ऑस्कर फुंग्स्ट या आपल्या विद्यार्थ्याकडे सोपवले. फुंग्स्टने केलेला प्रयोग पाहा. त्याने आकडे लिहिलेले पत्ते घेतले. एकदा पत्ता घोड्याला दाखवण्याआधी विचारणाऱ्याने स्वतः पाहायचा. दुसऱ्यांदा न पाहताच घोड्यासमोर धरायचा. बाकी सारे अगदी तसेच. विचारणाऱ्याला आकडा ठाऊक असे, तेव्हा शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. ठाऊक नसे, तेव्हा शेकडा फक्त ८! मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे असे प्रयोग पाहिले की मला फार आनंद होतो. एकच गोष्ट बदलली आणि कोडे अर्धे सुटले. गणित घोड्याला येत नव्हते, माणसाला येत होते.

पण माणसाच्या डोक्यातले उत्तर घोड्याच्या पायात उतरे कसे? फुंग्स्टने हान्सच्या डोळ्यांना मोठ्या झापडी बांधल्या. विचारणारा दिसेनासा होताच घोडा अडखळू लागला आणि त्याला पाहण्यासाठी धडपडू लागला. आता फुंग्स्टने घोड्याऐवजी माणसांकडेच लक्ष लावले. प्रश्न विचारून होताच माणूस नकळत किंचित पुढे वाके, कारण त्याला टापा मोजायच्या असत. तेवढ्यावर हान्स सुरू होई. योग्य आकडा आला, की माणसाचा ताण सुटे आणि डोके किंचित वर उचलले जाई. तेवढ्यावर हान्स थांबे. ही हालचाल बहुधा मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी! हे उमगल्यावर फुंग्स्ट स्वतःच घोडा बनला. त्याने २५ माणसांना मनात आकडा धरायला सांगितले आणि स्वतः उजव्या हाताने ठोके देऊ लागला. दोघे वगळता बाकी साऱ्यांनी नकळत खूण केलीच. मला वाटते, हान्सला अडाणी म्हणणे बरोबर नाही. चार वर्षे शिक्षकाला वाचायला तो शिकला होता. फक्त शिक्षकाने नेमलेला विषय तो नव्हता.

बिचाऱ्या ऑस्टेन यांना हे कधीच पटले नाही. १९०९ साली ते वारले, तोवर आपला विद्यार्थी गणित जाणतो, अशीच त्यांची श्रद्धा होती.

तुम्ही म्हणाल, भोळे गृहस्थ! पण त्याच सप्टेंबर १९०४ मध्ये आमच्या भौतिकशास्त्रातही असाच प्रसंग घडला. नान्सी येथील नामांकित शास्त्रज्ञ ब्लाँडलो यांनी १९०३ साली ‘एन किरण’ शोधल्याचे जाहीर केले होते. हे किरण पडले, की मंद ठिणगी जराशी उजळते, असे त्यांना दिसे. अमेरिकेचे प्राध्यापक आर. डब्ल्यू. वुड ते पाहायला गेले. अंधाऱ्या खोलीत त्यांनी उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. ब्लाँडलो यांना किरण पूर्वीच्याच ठिकाणी दिसत राहिले! वुड यांनी ही हकीकत ‘नेचर’ साप्ताहिकात छापली.

आणि आमच्या महाविद्यालयातली प्रयोगशाळा? ‘जी’ ची किंमत ९८० यायला हवी, हे पाठ असलेल्या विद्यार्थ्याचा अंगठा स्टॉपवॉचवर कसा नेमक्या वेळी पडतो, ते मी दरवर्षी पाहतो. तो लबाडी करीत नसतो. (कोणी करतो, ते वेगळे.)

आता स्वतःवरच एक प्रयोग करा. वीतभर दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेकवा आणि दोरा चिमटीत धरा. खाली कागदावर एक सरळ रेघ ओढा. हात अजिबात हलवायचा नाही. अंगठी रेघेवरून झुलते आहे, एवढाच विचार करायचा. थोड्या वेळाने ती झुलू लागेल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ साली असाच लंबक तपासल्याचे प्रसिद्ध केले होते. मग डोळे मिटा आणि मित्राला कागद गुपचूप फिरवायला सांगा. रेघ वळली, तशी अंगठीही वळते का, ते त्यालाच पाहू द्या. गावात पाणाड्या आला, तर त्याच्या हातातल्या बेचक्याकडेही एकदा नीट पाहून ठेवा.