आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याची फाइल कारागिराने कशी वाचावी?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत म्हणजे ऊर्जानगर. १९८३ साली केंद्राचा पहिला संच सुरू झाला. तेव्हापासून या वसाहतीने दुर्गापूर आणि चंद्रपूर शहरातील गवंडी, सुतार, वेल्डर, काचवाले, हार्डवेअरवाले अशा कितीतरी घरांना रोजी दिली. वसाहतीतील मुलांची धाव पूर्वी इंजिनिअरिंग आणि आय.टी.आय.कडे असे. आता कोणी आर्किटेक्चरकडेही वळतो. सुट्टीत घरी आला की त्याच्या हातात एक जाड फाइल असते आणि तिला पोर्टफोलिओ म्हणतात. ती घेऊन तो किंवा ती एखाद्या दिवशी आपल्या दुकानाच्या पायरीवर उभी राहते आणि विचारते, "चाचा, या स्टुलाचा एक नमुना बनवून द्याल का?"

आपले उत्तर ठरलेले असते. "बेटा, सीझन संपू दे, मग बघू." एका स्टुलात काय सुटणार, असा हिशेब आपण मनात करून टाकतो. हा हिशेब चुकीचा आहे. चारपाच वर्षांनी हीच मुलगी घरांचे, दुकानांचे, दवाखान्यांचे फर्निचर कोणाकडे द्यायचे हे ठरवणार असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या फाइलमध्ये जी भाषा आहे, त्याच भाषेत पुढची सगळी कामे लिहून येणार आहेत. ती भाषा ज्याला वाचता येईल त्याच्याकडे काम राहील. ज्याला येणार नाही तो ती वाचणाऱ्याच्या हाताखाली रोजंदारीवर जाईल.

फाइल उघडली की पहिल्या पानावर नाव, शिक्षण, येत असलेली सॉफ्टवेअरे आणि आवडी लिहिलेल्या असतात. ऑटोकॅडवर रेघांचे नकाशे काढतात, स्केचअपवर उभे मॉडेल करतात, रेव्हिटमध्ये इमारतीबरोबर तिचे मोजमापही निघते आणि फोटोशॉपमध्ये चित्र सजवतात. एवढे समजले तरी पुरे. आवडींच्या ओळीला मात्र हसू नये. 'जुन्या घरांची रेखाटने', 'बांबूकाम', 'मातीची बांधणी' असे काही तिथे असेल तर हा विद्यार्थी आपल्याला प्रश्न विचारायला आला आहे असे समजावे.

पुढची पाने म्हणजे दर सहामाहीचे काम. पाच वर्षांच्या, दहा सहामाहींच्या या शिक्षणात आधी छोटे घर, मग बसथांबा, शाळा, बाजार, वसतिगृह असे चढत जाते आणि शेवटी प्रबंध असतो. जागेची पाहणी, उन्हाची दिशा, माणसांची ये-जा हे सगळे त्यात येते. रंगीत चित्रे पाहून आपण 'वाह' म्हणतो आणि पान उलटतो. कारागिराने थांबायचे ते रंग नसलेल्या, नुसत्या रेघा आणि आकडे असलेल्या पानांवर. त्यांना वर्किंग ड्रॉइंग म्हणतात आणि आपली मजुरी त्यातच असते.

नकाशाचे तीन मुख्य प्रकार आहेत. खिडकीच्या उंचीवर घर आडवे कापले आणि वरचा भाग उचलून ठेवून खाली पाहिले की जे दिसेल तो प्लॅन. घर वरून खाली उभे कापले, जसे कलिंगड कापतो, तर दिसेल तो सेक्शन. आणि समोर उभे राहून दिसते ते एलेव्हेशन. दरवाजाची रुंदी प्लॅनमध्ये सापडते, उंची सापडत नाही. ती सेक्शनमध्ये किंवा एलेव्हेशनमध्ये शोधावी लागते. एकच कागद पाहून चौकट ठोकणाऱ्याची चूक इथेच होते. स्केल १:५० लिहिले असेल तर कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर. पण झेरॉक्सवर पट्टी लावून माप कधी घेऊ नये, कारण झेरॉक्स लहानमोठी होते. लिहिलेला आकडाच खरा धरावा.

आता आकड्यांचे बघा. आपला मिस्त्री फूट-इंचात विचार करतो आणि विद्यार्थी मिलिमीटरमध्ये लिहितो. २१०० हा आकडा पाहिला की आपण पटकन 'सात फूट' म्हणतो. पण सात फूट म्हणजे २१३३.६ मिलिमीटर. म्हणजे सव्वा इंचाहून थोडा जास्त फरक पडला. चौकट तयार, भिंत तयार आणि दरवाजा बसत नाही! ६०० ला आपण दोन फूट म्हणतो, तिथे फरक जेमतेम दहा मिलिमीटरचा. पण अशी पाच कपाटे एका रांगेत लावायची असली तर विद्यार्थ्याच्या हिशेबाने रांग ३००० मिलिमीटरची आणि आपल्या हिशेबाने दहा फुटांची, म्हणजे ३०४८ मिलिमीटरची. जवळजवळ दोन इंच जास्त, आणि शेवटचे कपाट भिंतीत घुसते. मग भांडण होते, मजुरी कापली जाते आणि दोष मिस्त्रीच्या माथी येतो. उपाय स्वस्त आहे. दोन्ही मापे असलेली टेप घ्यावी आणि जे काम मिलिमीटरमध्ये आले ते मिलिमीटरमध्येच करावे, मनात फुटांत बदलू नये.

मात्र शिकण्याचा व्यवहार एकतर्फी नाही. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. विद्यार्थ्याने कपाटाची खोली ६२० ठेवली तर शीटच्या रुंदीतून अशी एकच पट्टी निघते, कारण दोन पट्ट्यांना १२४० लागतात. उरलेली ६०० ची पट्टी बाजूला पडते. तीच खोली ६०० केली तर करवतीची फट सोडूनही दोन पट्ट्या सहज निघतात. ही गोष्ट संगणक त्याला आपणहून सांगत नाही. कटिंग करणारा उस्ताद सांगतो, तेही शीट दाखवून, एका मिनिटात. ज्या विद्यार्थ्याने हे आपल्याकडून ऐकले तो पुढे काम देताना आपल्याला विसरत नाही, हा माझा अंदाज नसून बाजाराचा रिवाज आहे.

ऊर्जानगरच्या विद्यार्थ्याला शिकण्याजोगे तर घराभोवतीच पसरलेले आहे. कोळसा जळाला की राख उरते. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असते. १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीजकेंद्रांच्या परिसरात विटा आणि बांधकामासाठी ही राख वापरण्याचे बंधन आणले. आपण दुकानात विकतो त्या पीपीसी सिमेंटमध्येही पंधरा ते पस्तीस टक्के राख असते. राखेची वीट सरळ आणि एकसारखी निघते, त्यामुळे प्लास्टर पातळ लागते. पण तिला पाण्याची तराई नीट मिळाली नाही तर कडा झडतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, जिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तराईत कसूर चालत नाही. पश्चिमेच्या भिंतीला सज्जा किती पुढे हवा, स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात का द्यावा, हे विद्यार्थी उन्हाच्या कोनावरून काढतो आणि गवंडी अनुभवावरून. दोघांचे उत्तर बहुधा एकच निघते.

दुसरा विषय जंगलाचा. २०२२च्या फेब्रुवारीत वीजकेंद्राच्या आवारात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार आणि लगेच दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात एक मुलगा मरण पावला. वसाहतीच्या कडेचे दिवे, कुंपण, झुडपे, रात्रपाळीच्या माणसांचा थांबा हा आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यासाठी कागदी विषय नाही आणि फॅब्रिकेशनवाल्यासाठीही नाही.

आणि बांबू. चंद्रपूर-गडचिरोलीत मानवेल आणि कटांग भरपूर. २०१७ साली वनकायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर, खासगी जमिनीवर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. तेव्हापासून शेतातल्या बांबूचा व्यापार सोपा झाला. मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथली बांबूची मोठी इमारत २०२१ साली आगीत सापडली. म्हणून बांबू वाईट असे होत नाही, पण आगीचा आणि किडीचा बंदोबस्त नकाशातच लिहिलेला हवा एवढा धडा त्यातून मिळतो. पावसाळा संपल्यावर तोडलेला, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला, जमिनीपासून वर आणि छपराच्या आत ठेवलेला बांबू टिकतो. कच्चा, जमिनीत रोवलेला बांबू दोनतीन वर्षांत भुसा होतो.

विद्यार्थ्याच्या कागदावरचे काम खरोखर उभे राहते का, असे कोणी विचारील. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात लासूरला एक कुष्ठरुग्णालय आहे. १९८० च्या दशकात ते दोन नॉर्वेजियन तरुणांनी आखले, तेही स्वतःचे शिक्षण पुरते संपायच्या आत. दगड तिथलाच, हात तिथल्याच गवंड्यांचे. कमानदार छत, त्यावर फुटक्या टाइल्सचे तुकडे, मध्ये अंगण. १९९८ साली या इमारतीला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण बांगलादेशातील रुद्रपूर या खेड्यातले. ॲना हेरिंगर या ऑस्ट्रियात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने २००४ साली आपल्या प्रबंधासाठी तिथल्या शाळेचा नकाशा केला. पुढच्याच वर्षी गावच्या कारागिरांनी ती बांधली. खाली पेंढा कालवलेल्या मातीच्या जाड भिंती, वर बांबूचा मजला. गावाला माती आणि बांबू नवे नव्हते. नवे होते ते विटांचा पाया आणि ओल वर चढू नये म्हणून घातलेला प्लास्टिकचा पदर. हे दोन पदर शिकलेल्या कारागिरांचे काम नंतरही पुढे चालले. २००७ मध्ये या शाळेलाही तोच पुरस्कार मिळाला. रुद्रपूरची माती आणि आपली माती यांत फरक आहे, पण बांबू आणि पावसाचा मारा दोन्हीकडे सारखाच.

काही सावधगिरीही हवी. पदवी घेऊन आर्किटेक्चर परिषदेत नोंद होईपर्यंत कोणालाही १९७२च्या कायद्याने नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. म्हणून महापालिकेच्या मंजुरीचा नकाशा किंवा कॉलम-बीमचा हिशेब विद्यार्थ्याकडून घेऊ नये. तो परवानाधारकाचाच हवा. संगणकाचे चकाचक चित्र दाखवून 'असेच हवे' म्हणणाऱ्या ग्राहकाकडून मापाचा कागद, लाकडाची जात, प्लायचा दर्जा आणि मजुरी लिहून घ्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही तर कुरआनची स्पष्ट ताकीद आहे, आणि आपल्या दुकानात तीच सर्वांत आधी विसरली जाते.

आता आपल्या मुलांविषयी. ज्या घरात रंधा आणि करवत आहे त्या घरातील मुलगा किंवा मुलगी या शिक्षणात मागे पडण्याचे कारण नाही. उस्मानी सल्तनतीचा नामवंत वास्तुकार सिनान आधी सुतारकाम शिकला होता. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर वास्तुकार अताउल्लाहबरोबर हंसपत राय यांचेही नाव कोरलेले आहे. बारावीला गणित असणे आवश्यक आहे. दहावीनंतर शाखा निवडताना हे ध्यानात ठेवले नाही तर हा दरवाजा तिथेच बंद होतो. पुढे नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर, अशी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. नागपुरात व्हीएनआयटीमध्ये हा अभ्यासक्रम आहे, केवळ मुलींसाठी मनोरमाबाई मुंडले महाविद्यालय आहे. मुंबईत बांद्र्याला रिझवी कॉलेज आणि नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर संकुल आहे. फी प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे, ती आणि अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची मुदत अर्जाआधी समक्ष विचारून घ्यावी. मुलाखतीला किंवा पहिल्या वर्गाला जाताना मुलाने आपल्या वडिलांच्या कारखान्यातील एखादा जोड, चूल-खाचेचा का असेना, स्वतः मोजून कागदावर काढून सोबत न्यावा.